कितव्या तासाचं मत?

मोत्या पहिल्यांदा मेला तेव्हा माझा भाचा जेवायला उठेना. वय वर्षं एकोणीस, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, आणि तोंड असं पडलेलं की बहिणीला वाटलं निकालच लागला. मोत्या म्हणजे एक पांढरा लांडगा, टीव्हीच्या पडद्यावरचा. शिकाऱ्यानं त्याच्यापुढे मांसाचा तुकडा टाकला, दबकत जवळ गेला, हात पुढे केला, लांडगा गुरगुरायचा थांबला, आणि तेव्हापासून तो भाच्याचा झाला. नावही भाच्यानंच ठेवलेलं. खेळात तशी काही सोय नाही, पण आपल्याकडे कुत्र्यासारखं काहीही घरात आलं की ते मोत्याच होतं. तर हा मोत्या एका अस्वलापुढे पडला. "मामा, मोत्या गेला," एवढंच म्हणून भाचा बसून राहिला. पाच-दहा मिनिटांनी त्याला शोध लागला की थोडी लाल पानं खर्च केली की मेलेलं जनावर परत बोलावता येतं. मोत्या परत आला, भाचा पानावर येऊन बसला, वरणभात कालवला. त्या क्षणी घरात सगळ्यांना हायसं वाटलं, आणि त्या खेळातलं काहीतरी कायमचं कमी झालं, असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं.

खेळाचं नाव 'फार क्राय प्रायमल'. युबिसॉफ्ट कंपनीच्या माँट्रियलमधल्या स्टुडिओनं तो बनवला. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या यंत्रांवर तो २३ फेब्रुवारी २०१६ ला आला आणि आठवडाभरात, १ मार्चला, कॉम्प्युटरवर. काळ इसवी सन पूर्व १०,०००. जागा मध्य युरोपातली ओरोस नावाची काल्पनिक दरी. उत्तरेला बर्फ, दक्षिणेला दलदल, मध्ये जंगल आणि नदी. आपण व्हायचं टक्कर. मराठी कानाला ते नाव असंच ऐकू येतं आणि माणसाला शोभतंही. त्याची जमात वेंजा, विखुरलेली. ती गोळा करायची, वस्ती उभी करायची आणि दोन वैरी जमातींपुढे टिकवायची. उत्तरेचे उदाम माणसं खातात. दक्षिणेचे इझिला सूर्य आणि आग पुजतात, शेती करतात आणि माणसं जाळतात.

पुढच्या पानांवर हा खेळ खेळलेल्या लोकांची मतं आहेत. ही प्रस्तावना माझ्याकडे आली ती मी फार मोठा खेळाडू आहे म्हणून मुळीच नाही. माझा भाल्याचा नेम इतका वाईट आहे की बकरीसुद्धा थांबून बघते. पण खेळणाऱ्याच्या शेजारी सोफ्यावर बसून त्याची बडबड ऐकायची मला जुनी सवय आहे. या खेळाबद्दल गेली कित्येक वर्षं मी भाच्याचं, त्याच्या मित्रांचं, ऑफिसातल्या पोरांचं ऐकत आलो. त्यातून एक खोड लागली. कुणीही मत दिलं की मी आधी विचारतो, "कितव्या तासाला होतास तेव्हा?"

कारण या खेळाइतकी तासागणिक बदलणारी मतं मी दुसऱ्या कुठल्या खेळाबद्दल ऐकलेली नाहीत. तिसऱ्या तासाचा माणूस सांगतो की असा खेळ झालाच नाही. पंधराव्या तासाचा तोच माणूस म्हणतो, ठीक आहे, जनावरं छान आहेत. पंचविसाव्या तासाला तो नकाशावर उरलेली चिन्हं पुसत बसलेला असतो, आणि का पुसतोय ते त्याला सांगता येत नाही. तिघांचंही म्हणणं खरं आहे. भांडण लागतं ते तिघं एकाच वेळी बोलायला लागले की.

पहिल्या तासांत काय असतं ते नीट सांगायला हवं, कारण स्तुतीची बहुतेक वाक्यं तिथूनच येतात. सुरुवातीला टक्करच्या टोळीतले लोक एका मॅमथची शिकार करतात, लांब सुळ्यांचा वाघ येतो, आणि बघता बघता आपण एकटे उरतो. हातात काही नाही. काठ्या, बोरू, दगड गोळा करत धनुष्य करायचं, भाला करायचा, सोटा करायचा. मग रात्र पडते. रात्री सोट्याला जनावराची चरबी फासून पेटवायचा. जनावरं आगीला भितात, म्हणून हातात जाळ असेपर्यंत आपण सुरक्षित. पण तो जाळ सोटाच खात असतो. लाकूड संपत जातं, चरबीही मोजकी असते, आणि उजेडाच्या कडेला, नेमकं जिथे नीट दिसत नाही तिथे, डोळ्यांच्या जोड्या चमकतात. भाचा पहिल्या दोन-तीन रात्री शेकोटी सोडून हललाच नाही. नुसता उजाडायची वाट बघत बसायचा. मी म्हटलं, अरे, खेळ ना! तर म्हणाला, "मामा, हेच खेळतोय."

हातात जळणारं लाकूड, ते किती पुरेल याचा हिशेब, आणि समोरचा काळोख. प्रायमलमधलं सगळ्यात चांगलं ते हेच, असं माझं मत आहे. यात एकही संवाद नाही, कथा नाही, खलनायक नाही. माणसाला आग म्हणजे काय वाटली असेल हे पुस्तकात वाचून कळतं, पण चरबीचा शेवटचा गोळा संपल्यावर ते वेगळ्या तऱ्हेनं कळतं. पुढच्या मतांमध्ये 'वातावरण' हा शब्द फार वेळा येईल. तो वापरणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना नेमकी हीच रात्र आठवत असते, अशी माझी खात्री आहे.

मग आपण वाढायला लागतो. टेन्से नावाचा भगत आपल्याला जनावरं वश करायला शिकवतो. लांडगा, रानकुत्रा, बिजू, जॅग्वार, अस्वल, गुहासिंह, शेवटी लांब सुळ्यांचा वाघ. एक घुबडही मिळतं. ते वरून शत्रू टेहळतं, खुणा करतं आणि पुढे पुढे डोक्यावर पोळी टाकतं, मधमाश्यांची. ऑफिसातल्या एकानं त्याला 'पिसांचा ड्रोन' म्हटलं होतं. यापेक्षा नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही, आणि ते कौतुक होतं की तक्रार हे त्यालाही सांगता आलं नाही. वाघावर बसून दौडता येतं, मॅमथवरही बसता येतं. वस्तीत झोपड्या वाढतात, माणसं वाढतात, कौशल्यं वाढतात. आणि ज्या काळोखाला आपण घाबरत होतो त्यातून आता वाघावर बसून जाताना रानच आपल्याला घाबरतं.

इथे खेळ आपल्याच गोष्टीशी बेइमानी करतो. ज्याच्याकडे काही नाही अशा माणसाची ही गोष्ट. त्याच्याकडे सगळं आलं की सांगायला उरतं काय? उरतात त्या शत्रूच्या चौक्या. एक घ्या, दुसरी घ्या. एक शेकोटी पेटवा, पुढची पेटवा. वाटेत कुणी वेंजा संकटात असतो, त्याला सोडवा, तो वस्तीत येतो, आकडा एकानं वाढतो. पोरं याला 'ग्राइंड' म्हणतात. आमच्या आज्या दळण म्हणायच्या, अर्थ तोच. दळणात वाईट काही नाही, पीठ तर निघतं. पण पहिल्या रात्री जी भूक लागली होती ती पिठानं भागत नाही.

आता बंदुकीचं भांडण. फार क्राय ही मालिका २००४ पासूनची. तिसरा भाग २०१२ चा, चौथा २०१४ चा. परकी जागा, एक वेडसर पण बोलका खलनायक आणि हातात भरपूर बंदुका ही तिची ओळख. तिसऱ्या भागाच्या चाहत्यांनी प्रायमल विकत घेतला आणि सोटा पाहून कपाळावर हात मारला. त्यांची निराशा खरी आहे, पण तिच्याशी मला फारसं घेणं नाही. बारा हजार वर्षांपूर्वीच्या खेळात बंदूक नाही म्हणून कष्टी होणाऱ्यानं डबा उघडण्यापूर्वी वरचं चित्र बघायला हवं होतं. सगळ्यांनी मिळून खेळायची सोय नाही आणि किंमत मात्र पुऱ्या खेळाची घेतली, ही तक्रार जास्त वजनाची. आपल्याकडे तर फारच. २०१६ साली एवढे पैसे एका डिस्कला मोजणारा मुलगा वर्षातून दोन-तीनच खेळ घेत असे, उरलेले मित्रांकडून अदलाबदलीनं. अशा मुलानं 'पैसा वसूल नाही' म्हटलं तर ते समीक्षेइतकंच गांभीर्यानं घ्यावं. पुढे किंमत उतरल्यावर हाच खेळ स्वस्तात घेतलेल्यांची मतं कितीतरी मऊ आहेत. खेळ तोच, सोडलेलं पाणी कमी.

खरा गाजावाजा झाला तो नकाशाचा. खेळ बाजारात आल्यावर थोड्याच दिवसांत खेळणाऱ्यांनी ओरोसचा नकाशा आणि चौथ्या भागातल्या किरातचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहिला. किरात हा हिमालयातला काल्पनिक देश. नदीची वळणं जुळली, डोंगरांचे उतार जुळले, रस्त्यांच्या जागी पायवाटा निघाल्या. 'रिस्किन' हा शब्द तेव्हापासून या खेळाला चिकटला तो चिकटलाच. जुन्या मूर्तीला नवा रंग मारून दुसऱ्या मंडपात बसवली, असा त्याचा भाव.

गंमत अशी की हे सिद्ध होईपर्यंत फार थोड्यांना ते जाणवलं होतं. चौथा भाग पुरा खेळलेला माझा भाचा चाळीस तास ओरोसमध्ये हिंडला आणि त्याला नदी ओळखू आली नाही. चित्रं शेजारी शेजारी पाहिल्यावर मात्र तो असा चिडला की जणू घरच्यांनीच फसवलं. मला विचाराल तर जमीन पुन्हा वापरण्यात पाप नाही. एकाच नेपथ्यावर तीन नाटकं होतातच. पण जिथे मुळात जागाच पात्र आहे, जिथे पुढच्या टेकडीपलीकडे काय असेल या उत्सुकतेवर सगळं उभं आहे, तिथे ती टेकडी आपण आधीच चढलोय हे कळणं वाईट. राग आळसाचा कमी होता, आपल्याला ते कळलं नाही याचा जास्त, असं मी त्या वेळीही भाच्याला म्हटलं. त्यावर तो आणखी चिडला.

भाषेवर मात्र थांबायला हवं. या खेळातलं एकही पात्र इंग्रजी बोलत नाही. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ अँड्र्यू बर्ड आणि ब्रेना बर्ड यांच्याकडून कंपनीनं वेंजा, उदाम आणि इझिला या तिन्ही जमातींच्या भाषा घडवून घेतल्या, आणि नटांनी त्या शिकून सगळे संवाद त्यांत म्हटले. पाया घेतला तो मूळ इंडो-युरोपीय भाषेचा. म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांसारख्या भाषांची तुलना करत अभ्यासकांनी मागे जाऊन अंदाजानं उभी केलेली आजीभाषा. आदिमानवाच्या तोंडी नवी भाषा घालण्याचा हा पहिला प्रयोग नव्हे. १९८१ च्या 'क्वेस्ट फॉर फायर' या चित्रपटासाठी कादंबरीकार अँथनी बर्जेसनं तशी बोली तयार केली होती. पण तिथे बोलणं थोडं होतं. इथे माणसं भांडतात, खोड्या काढतात, अंगाई म्हणावी तशी मंत्र पुटपुटतात, तासन्‌तास.

आमच्याकडे एका संध्याकाळी खेळ चालू असताना आई आतून बाहेर आली, क्षणभर ऐकलं आणि म्हणाली, "हे काय, संस्कृत का रे?" आम्ही हसलो. पण हसण्यासारखं त्यात थोडंच होतं. मराठी ही त्याच आजीच्या नातवंडांपैकी. आपला दात, आपलं नख, आपला मध, हिवाळ्यातलं हिंव, संस्कृतातला लांडगा म्हणजे वृक, या सगळ्यांची मुळं अभ्यासक तिथवर नेतात. ते शब्द ओरोसमध्ये जसेच्या तसे ऐकू येतील असं नाही, आणि पडद्याखालची इंग्रजी वाक्यं वाचल्याशिवाय काही कळत नाही हेही खरं. तरी कानाला काहीतरी लागतं. दुसऱ्या खोलीत कुणी ओळखीचं माणूस बोलतंय, शब्द कळत नाहीत पण हेल कळतो, तसं.

भाषेबद्दलची मतं पुढे तुम्हाला दोन टोकांची दिसतील. एकाला तिच्यामुळेच त्या काळावर विश्वास बसला. दुसऱ्याला धावताना, भाला फेकताना, खाली अक्षरं वाचायची म्हणजे शिक्षा वाटली. दुसऱ्याची अडचण मला समजते, डोळे एकाच जागी असतात. पण टक्कर इंग्रजी बोलला असता तर तो फक्त कातडं पांघरलेला अमेरिकन झाला असता. या निर्णयासाठी मी या खेळाच्या इतर दहा चुका माफ करायला तयार आहे.

बिनचूकपणाचा आग्रह धरणारे वाचकही असतील, आणि त्यांना इथे भरपूर खाद्य आहे. मूळ इंडो-युरोपीय भाषा अभ्यासक साधारण सहा हजार वर्षांपूर्वीची मानतात, खेळ घडतो त्याच्या दुप्पट मागे. उदाम दिसायला निअँडरथलसारखे, आणि निअँडरथल चाळीस हजार वर्षांपूर्वीच संपले. गुहेतलं अस्वलही तोपर्यंत उरलं नव्हतं. युरोपात शेती करणारे इझिला काही हजार वर्षं लवकर पोचले आहेत. एकूण, वीस-तीस हजार वर्षांच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली मंडळी एका दरीत स्नेहसंमेलनाला जमली आहेत. हे दाखवून देणाऱ्यांचा मला राग नाही, उलट त्यांच्यामुळे भाच्यानं पहिल्यांदा आपणहून पुराणवस्तुशास्त्रावरचं पुस्तक उघडलं. तासाचा नियम मात्र इथेही लागू आहे. मॅमथ अंगावर येत असताना त्याचा काळ कुणी तपासत नाही. चुका दिसायला लागतात त्या भीती गेल्यावर.

कथेबद्दल फार बोलायला नको, खेळणारेही बोलत नाहीत. एका हाताचा कारागीर वोगा पहिल्या भेटीत खड्ड्यात पडलेल्या टक्करवर वरून लघवी करतो, हे मात्र प्रत्येकाला आठवतं. उर्की नावाचा अर्धवट विचारवंत पक्ष्यासारखं उडायला निघतो, तेही. आणि उदामांचा म्होरक्या उल्. तो क्रूर आहे, माणसं खातो, त्याच्या जमातीला कवटीत आग पेटवणारा रोग लागलाय, आणि मरताना तो आपली मुलं टक्करच्या हवाली करतो. तिसऱ्या भागातल्या खलनायकासारखी त्याला टाळ्यांची वाक्यं नाहीत, म्हणून त्याला फिका म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तो शेवटचा प्रसंग पुऱ्या मालिकेतल्या बडबडीपेक्षा जड वाटतो.

आता कंपनीनंच दिलेल्या कबुलीकडे येऊ. एप्रिल २०१६ मध्ये, म्हणजे दोनही महिने झाले नव्हते तेव्हा, 'सर्व्हायव्हर मोड' फुकट देण्यात आला. त्यात थकवा लागतो, थंडी बाधते, रात्री जास्त काळ्या होतात, कोपऱ्यातला छोटा नकाशा जातो, आणि हवं असेल तर मेलात की खेळ पहिल्यापासून. म्हणजे पहिल्या तीन तासांतली भीती शेवटपर्यंत पुरवण्याचा प्रयत्न. तो पूर्ण साधला असं नाही, पण ज्यांनी या पद्धतीनं खेळून मत दिलं त्यांचा खेळच वेगळा आहे. ते चौक्या मोजत नाहीत, संध्याकाळी सरपण मोजतात. पुढे तुम्हाला काही मतं इतकी वेगळी दिसतील की दोघं एकाच खेळाबद्दल बोलतायत का अशी शंका येईल. तेव्हा आधी बघा, कुठल्या मोडमध्ये.

तीन वर्षांनी, २०१९ मध्ये, पात्रीस देझिले यांच्या चमूनं 'अँसेस्टर्स' हा खेळ काढला. तो टक्करच्याही लाखो वर्षं मागे जातो, माणूस व्हायच्या आधीच्या वानरांपर्यंत, आणि खेळणाऱ्याला जवळजवळ काहीच सांगत नाही. त्यातली भीती शेवटपर्यंत टिकते. पण लोक त्याला कंटाळवाणा म्हणाले, आणि मीही अर्ध्यातच सोडला. तेव्हा प्रायमलच्या निर्मात्यांनी वाघ का दिला हे मला कळत नाही असं नाही.

संपादकांनी मतं विषयवार लावली आहेत. मी सुचवेन की ती तासांप्रमाणे वाचा. प्रत्येक मतात कुठेतरी सापडतं की लिहिणारा कुठवर पोचला होता. घुबडाचं नाव आलं की सुरुवातच, लांब सुळ्यांच्या वाघाचं आलं की अर्धं पुढे, 'आता काही करायला उरलं नाही' आलं की संपत आलेलं. टोकाच्या स्तुतीवर आणि टोकाच्या शिव्यांवर पटकन विश्वास ठेवू नका, दोन्हींना घाई असते.

आणि खेळ अजून खेळला नसाल तर पुस्तक इथेच मिटा. सर्व्हायव्हर मोड लावा. लांडगा पाळा, त्याला काहीही नाव द्या. तो मेला तर लाल पानांना हात न लावता जेवायला उठा, आणि मग दुसऱ्या दिवशी पुढचं पान उघडा.